मताधिकार : एक शब्द आणि त्यांतील देणें-घेणें

[नभोवाणीवरील भाषण]



निवडणुकीचे दिवस आले म्हणजे वर्तमानपत्रांतून, सभांतून आणि नभोवाणीवरूनहि एक शब्द वारंवार कानीं पडतो. तो शब्द म्हणजे 'मताधिकार'. 'अमक्या सालीं स्त्रियांना मताधिकार देण्यांत आला', 'तमक्या दुरुस्तीनें अठरा वर्षांच्या तरुणांना मताधिकार दिला', अशीं वाक्यें आपण सहज वाचतों आणि पुढें जातों. या क्रियेला इंग्रजींत 'एन्फ्रँचाइज' असें एकच क्रियापद आहे. मराठींत त्यासाठीं नाम व क्रियापद अशी जोडी लागते. या जोडींतील 'मत' म्हणजे काय, 'अधिकार' म्हणजे काय, आणि विशेषतः 'देणें' म्हणजे काय, याचा विचार मात्र क्वचितच होतो. शब्द फोडून पाहण्याची शाळामास्तराची संवय निवृत्तीनंतरहि सुटत नाहीं. तिचाच उपयोग करून आज या शब्दाची थोडी चिकित्सा करण्याचें मीं योजिलें आहे. ही चिकित्सा केवळ व्याकरणापुरती नाहीं. 'दिला' म्हणून सांगितलेला अधिकार ज्याला दिला त्याच्या हातीं खरोखर पोंचला कीं नाहीं, हा प्रश्न तिच्या पोटांत आहे.

प्रथम इंग्रजी शब्द घेऊं. 'एन्फ्रँचाइज' याच्या मुळाशीं जुन्या फ्रेंच भाषेंतील 'फ्रँक' हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'मोकळा', 'स्वतंत्र' असा आहे. रोमन साम्राज्य मोडकळीस आल्यावर गॉल देशावर, म्हणजे आजच्या फ्रान्सवर, फ्रँक नांवाच्या लोकांनीं आपली सत्ता बसविली. त्या राज्यांत पूर्ण मोकळीक काय ती जिंकणाऱ्यांना होती. म्हणून त्यांच्या जातीच्या नांवालाच 'स्वतंत्र' हा अर्थ चिकटला. तेव्हां 'एन्फ्रँचाइज' करणें याचा पहिला अर्थ मताचा अधिकार देणें हा नसून मोकळें करणें हा होता. जमिनीशीं जखडलेल्या कुळवाड्याला धन्यानें बंधनांतून सोडविलें, किंवा बाहेरून आलेल्या कारागिराला शहरानें आपला पूर्ण नागरिक करून घेतलें, म्हणजे तो 'एन्फ्रँचाइज' झाला असें म्हणत.

पुढें हा शब्द माणसांवरून गांवांकडे गेला. इंग्लंडमध्यें एखाद्या शहराला पार्लमेंटांत सभासद पाठविण्याची सनद मिळाली म्हणजे तें शहर 'एन्फ्रँचाइज' झालें असें म्हणूं लागले. या पद्धतीनें कालांतरानें मोठी विसंगति उत्पन्न केली. ओल्ड सेरम नांवाचें एक जवळजवळ उजाड झालेलें ठिकाण पार्लमेंटांत दोन सभासद पाठवीत होतें, आणि गिरण्यांनीं गजबजलेल्या मँचेस्टर शहराला स्वतःचा एकहि सभासद नव्हता. १८३२ सालच्या सुधारणा-कायद्यानें ओल्ड सेरमची सनद काढून घेतली आणि मँचेस्टरला दोन जागा दिल्या. त्यानंतर १८६७ व १८८४ सालच्या कायद्यांनीं मतदारांचें वर्तुळ वाढत गेलें. १९१८ सालीं तीस वर्षांवरील कांहीं स्त्रियांना आणि १९२८ सालीं एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनें मत मिळालें. एवढ्या प्रवासानंतर 'एन्फ्रँचाइज' म्हणतांच मताधिकार डोळ्यांपुढें यावा, अशी त्या शब्दाची स्थिति झाली.

तथापि जुना 'मोकळें करणें' हा अर्थ मेला नाहीं, आणि त्याचा एक नमुना आपल्याच देशांत सांपडतो. एकोणिसाव्या शतकांत मद्रास इलाख्यांत इनाम जमिनींची चौकशी झाली, त्या वेळीं ठराविक वार्षिक रक्कम सरकारांत भरण्याचें कबूल करून घेऊन इनामदाराची जमीन जुन्या अटींतून सोडविण्यांत येई. त्या जमिनीला सरकारी दप्तरांत 'एन्फ्रँचाइज्ड इनाम' असेंच म्हणत. येथें जमिनीला मताचा अधिकार मिळाला असें कोणी समजणार नाहीं! ती मोकळी झाली, एवढाच अर्थ. आजच्या तरुणाला विचारावें तर 'फ्रँचाइज' म्हणतांच त्याला २००८ सालापासून चाललेल्या आय. पी. एल. सामन्यांतील क्रिकेटचे संघ किंवा एखाद्या नामांकित खाद्यपदार्थाचें दुकान आठवेल. तेंहि चूक नाहीं. अमुक नांवानें धंदा करण्याची मोकळीक मोल घेऊन दिली, हाच तेथील अर्थ आहे. मोकळीक हें मूळ, आणि मत, जमीन, दुकान ह्या त्याच्या शाखा.

इंग्रजींतील या कुळांतले दुसरे दोन शब्दहि ओळखीचे आहेत. 'व्होट' हा शब्द लॅटिन 'वोटम' यापासून आला. वोटम म्हणजे नवस किंवा संकल्प. 'बॅलट' म्हणजे इटालियन भाषेंत लहानशी गोळी. मत देण्यासाठीं भांड्यांत गोळी टाकण्याच्या चालीवरून तो शब्द निघाला. आतां आपल्या शब्दाकडे वळूं, म्हणजे भाषा-भाषांतील दृष्टीचा फरक लक्षांत येईल.

इंग्रजी 'व्होट'च्या मागें संकल्प आहे. आपल्या 'मता'च्या मागें विचार आहे. 'मन्' म्हणजे विचार करणें या संस्कृत धातूपासून 'मत' झालें. मन, मति, मनन, मंत्र हीं सर्व त्याचींच भावंडें. म्हणून मराठींत मत देणें म्हणजे शब्दशः आपण केलेला विचार सांगणें होय. 'माझ्या मतें आमटींत मीठ कमी आहे' आणि 'मीं अमक्याला मत दिलें' या दोन वाक्यांत मराठी माणूस एकच शब्द वापरतो. हा शब्द मोठा शहाणा आहे. ज्याला विचार करतां येतो त्याला मत असतेंच, तें कोणी द्यावें लागत नाहीं, हें तो गुपचूप सांगून जातो. कायदा देतो ती मताची मोजदाद.

मताला जोडून आपण 'मतदान' असाहि शब्द करतों, आणि त्यांतलें 'दान' विचार करण्यासारखें आहे. दान स्वतःच्या मालकीच्या वस्तूचेंच करतां येतें. आणि दान दिल्यावर तिचें मोल घ्यावयाचें नसतें. तेव्हां पाकिटाच्या किंवा साडीच्या मोबदल्यांत दिलेल्या मताला कायद्याच्या भाषेंत जें नांव असेल तें असो, 'मतदान' हा शब्द त्याला मराठी व्याकरणानें लावतां येत नाहीं. तो सौदा झाला.

आतां 'अधिकार'. हा शब्द फार जुना आहे, आणि त्याच्यावर इतिहासाचें ओझेंहि बरेंच आहे. जुन्या शास्त्रग्रंथांची अशी रीत असे कीं आरंभींच विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार गोष्टी सांगावयाच्या. अधिकारी म्हणजे तो ग्रंथ वाचण्यास किंवा तें कर्म करण्यास कोण पात्र आहे तो. म्हणजे 'अधिकार' शब्दाचा एक मूळ अर्थ पात्रता हा आहे. आणि पात्रता ठरवावयाची म्हटली कीं अपात्र कोण हेंहि ठरवावें लागतें. वेदाध्ययनाचा स्त्रीशूद्रांना 'अधिकार नाहीं', हें वाक्य या देशानें शतकानुशतकें ऐकलें. याच्या उलट आपला दुसरा शब्द पहा : 'हक्क'. तो अरबींतून आला आणि तेथें त्याचा अर्थ सत्य, न्याय्य, ज्याचें त्याला देय असलेलें, असा आहे. 'अधिकारी माणूस' म्हटला म्हणजे आपण खुर्ची पुढें करतों. 'हक्काचा माणूस' म्हटला म्हणजे तो न सांगतां स्वयंपाकघरापर्यंत येतो. मराठीनें दोन्ही शब्द ठेवले. 'मताधिकार' हें नाम पहिल्यापासून केलें आणि 'मतदानाचा हक्क' हा प्रयोग दुसऱ्यापासून. आपल्या देशांतील मताचा इतिहास म्हणजे या पहिल्या शब्दाकडून दुसऱ्या शब्दाकडे झालेला प्रवास आहे असें म्हटलें तर तें वावगें होणार नाहीं.

इंग्रजी राज्यांत मताधिकार हा अक्षरशः पात्रतेचा प्रश्न होता. १९१९ सालच्या सुधारणांपूर्वीं लॉर्ड साऊथबरो यांच्या अध्यक्षतेखालीं मताधिकाराविषयीं समिति नेमली गेली. तिच्यापुढें १९१९ च्या जानेवारींत मुंबईस डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं साक्ष दिली. प्रतिनिधित्वाचा हक्क आणि राज्यकारभारांत पद धारण करण्याचा हक्क, हे नागरिकत्वाचे मुख्य हक्क होत, अशी त्यांची मांडणी होती. पण कायदा झाला तो शेतसारा, कर आणि मिळकत यांचीं मापें लावून. स्त्रियांचा प्रश्न प्रांतिक कायदेकौन्सिलांवर सोंपविण्यांत आला. मद्रास व मुंबई येथील कौन्सिलांनीं १९२१ सालीं ठराव करून स्त्री म्हणून असलेली अपात्रता काढून टाकली. मिळकतीची अट मात्र स्त्रियांनाहि लागू राहिली, आणि ज्या काळीं घर, शेत, सारा सर्व पुरुषाच्या नांवें, त्या काळीं त्या अटींतून किती स्त्रिया पार पडल्या असतील याची कल्पना श्रोत्यांनींच करावी.

१९२९ सालीं मुंबई इलाख्याच्या राज्यघटनेविषयीं स्वतंत्र अहवाल लिहितांना डॉ. आंबेडकरांनीं प्रौढ मताधिकाराची मागणी केली. ज्याला लिहितां-वाचतां येत नाहीं त्याला आपलें हित कळत नाहीं असें मानण्यास आधार नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. ती मागणी त्या वेळीं मान्य झाली नाहीं. १९३५ सालच्या कायद्यानें वर्तुळ मोठें केलें. तरी त्याखालीं १९३७ सालीं ज्या प्रांतिक निवडणुका झाल्या, त्यांत मतदार सुमारें ३ कोटि होते. या कायद्यांतील एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीनें मोठें बोलकें आहे. पुरेशी मिळकत असलेल्या पुरुषाच्या पत्नीला किंवा विधवेला, ती त्याची पत्नी किंवा विधवा आहे एवढ्यावरून, मत मिळण्याची सोय त्यांत होती. म्हणजे मत तिचें, पण अधिकार नवऱ्याच्या मिळकतीचा!

स्वतंत्र भारतानें ही सर्व मापें मोडून टाकलीं. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदानें लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका प्रौढ मताधिकाराच्या पायावर ठेवल्या. शिक्षण, मिळकत, कर, स्त्री-पुरुष हा भेद, यांपैकीं कांहीं उरलें नाहीं. 'प्रौढ' या शब्दानें मात्र कोणी बिचकूं नये. बोलण्यांत प्रौढ म्हटला म्हणजे पिकल्या केसांचा गृहस्थ डोळ्यांपुढें येतो. कायद्यांत प्रौढ म्हणजे वयांत आलेला. तें वय आरंभीं एकवीस होतें. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनें तें अठरा केलें, व ती दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली.

या अनुच्छेदाची शब्दयोजना मात्र बारकाईनें वाचण्यासारखी आहे. अपात्र न ठरलेला प्रत्येक प्रौढ नागरिक 'मतदार म्हणून नोंदला जाण्यास' हक्कदार असेल, असा तिचा आशय आहे. नोंदला जाण्यास! म्हणजे संविधानानें हक्क सांगितला, आणि त्या हक्काची वाट मतदार-यादींतील एका ओळींतून जाते असेंहि सांगितलें. ती ओळ नसेल तर मतदान-केंद्राच्या दारांतून परत फिरावें लागतें. मत देण्याचा अधिकार मुळांत कायद्यानें निर्माण केलेला आहे कीं तो संविधानाचाच हक्क आहे, यावर सर्वोच्च न्यायालयांत १९५२ सालापासून ऊहापोह होत आला आहे. ती चर्चा विद्वानांची. परंतु यादींतील ओळीचा प्रश्न घराघराचा आहे.

तो किती मोठा आहे हें पहिल्याच निवडणुकीनें दाखविलें. संविधान अमलांत येण्यापूर्वींच, १९४८ सालापासून, याद्यांच्या तयारीस आरंभ झाला होता. ज्या देशांत १९५१ च्या खानेसुमारीप्रमाणें शेंकडा अठरा लोकांनाच अक्षरओळख होती, तेथें सुमारें १७ कोटि ३२ लाख मतदारांचीं नांवें लिहिलीं गेलीं. ऑक्टोबर १९५१ ते फेब्रुवारी १९५२ या काळांत निवडणूक पार पडली. वाचतां न येणाऱ्यांसाठीं चिन्हें होतीं, आणि प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती. जगांत कोठेंहि एवढ्या मोठ्या प्रमाणावर लोकांना एकदम मत मिळालें नव्हतें.

पण याद्या लिहिणारे कारकून दारोदार गेले तेव्हां त्यांना एक अडचण आली. पुष्कळ स्त्रियांनीं आपलें नांवच सांगितलें नाहीं. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको', एवढेंच उत्तर मिळे. आणि तसेंच लिहिलें गेलें. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढें हा प्रश्न आला तेव्हां, मतदाराला त्याचें स्वतःचें नांव असलेंच पाहिजे, असें ठरलें. पुन्हा चौकशी झाली. तरीहि सुमारें ८ कोटि स्त्री-मतदारांपैकीं सुमारें २८ लाख स्त्रियांचीं खरीं नांवें मिळालीं नाहींत, आणि त्यांच्या नोंदी गाळाव्या लागल्या. त्या मुख्यतः बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश या भागांतील होत्या. त्या २८ लाख स्त्रियांना संविधानानें हक्क सांगितला होता. पहिल्या निवडणुकींत मात्र त्यांच्यापैकीं कोणालाहि मत देतां आलें नाहीं. नोंदी गाळण्याचा तो निर्णय कठोर होता, पण माझ्या मतें योग्य होता. 'अमक्याची बायको' या नोंदीवर मत घेतलें असतें, तर १९३५ च्या कायद्यांतील ती पत्नीच पुन्हा यादींत येऊन बसली असती. 'एन्फ्रँचाइज' याचा मूळ अर्थ मोकळें करणें. जिला स्वतःच्या नांवानें उभें राहतां येत नाहीं ती मोकळी झाली असें कसें म्हणावें?

ही गोष्ट उत्तरेकडची म्हणून महाराष्ट्रानें निर्धास्त होऊं नये. आपल्याकडेहि पत्नीला 'मंडळी' व 'कुटुंब' म्हणण्याची चाल जुनी आहे. लग्नांत ताटांतल्या तांदळावर नवें नांव लिहून मुलीचें माहेरचें नांव पुसण्याची रीत अनेक घरांत चालत आली. त्या तांदळांचा कांहीं दोष नाहीं. परंतु शाळेच्या दाखल्यावर एक नांव, शिधापत्रिकेवर दुसरें, आणि मतदार-यादींत तिसरेंच, किंवा माहेरच्या गांवीं कमी झालेलें व सासरच्या गांवीं अजून न चढलेलें, असे घोटाळे यांतूनच होतात.

आतां प्रयोगाविषयीं दोन शब्द सांगतों, कारण विषय शब्दाचा आहे. राजानें किंवा परकी सरकारनें मोजूनमापून जें दिलें, त्याला 'मताधिकार दिला' म्हणणें यथार्थ आहे. १९१९ किंवा १९३५ च्या कायद्याविषयीं तसेंच लिहावें. १९५० विषयीं लिहितांना 'संविधानानें प्रौढ मताधिकार मान्य केला' किंवा 'भारतीयांनीं प्रौढ मताधिकार स्वीकारला' असें लिहिणें मला अधिक योग्य वाटतें, कारण तेथें देणारे आणि घेणारे वेगळे नव्हते. मत देऊन आल्यावर 'हक्क बजावला' असें आपण म्हणतों. मराठींत कर्तव्यहि बजावतात आणि हक्कहि बजावतात. दोहोंना एकच क्रियापद लावणारी भाषा आपल्याला कांहीं सुचवीत आहे हें ओळखावें. आणि ज्याचें नांव यादींतून गळलें त्याच्याविषयीं 'त्यानें मतदान केलें नाहीं' असें लिहूं नये. त्याला मत देतां आलें नाहीं, असें लिहावें. पहिल्या वाक्यांत दोष त्याच्या माथीं येतो, आणि तो नेहमीं त्याचा असतोच असें नाहीं.

माझें भाषण ऐकणारीं घरें बहुधा शहरांतलीं व सुशिक्षित आहेत. त्यांना एवढीच विनंति, कीं यादींतील आपली ओळ निवडणुकीच्या आदल्या दिवशीं शोधूं नये. २०२२ सालापासून नव्या मतदारांसाठीं जानेवारी, एप्रिल, जुलै व ऑक्टोबर यांच्या पहिल्या तारखा वयाच्या हिशेबासाठीं धरल्या जातात. म्हणजे घरांतील मुलाला किंवा मुलीला अठरा पुरीं झाल्यावर वर्षभर थांबण्याचें कारण नाहीं. नवीन नोंदीस सहा क्रमांकाचा, आणि पत्ता बदलणें किंवा नांवाची दुरुस्ती यांस आठ क्रमांकाचा अर्ज लागतो. नव्या सुनेचें नांव तिला विचारून, तिला हवें तसें, लिहवून घ्यावें. आणि आपल्या घरीं धुणेंभांडीं करणाऱ्या बाईंनाहि एकदां विचारावें, 'बाई, यादींत तुमचें नांव आहे ना? कोणत्या पत्त्यावर आहे?' भाड्याची खोली दर वर्षा-दोन वर्षांनीं बदलणाऱ्या माणसाची ओळ सर्वांत आधीं हरवते. अर्ज भरून देण्यास आपल्याला अर्धा तास लागेल. तो अर्धा तास आपण खर्च केला, तर 'मताधिकार देणें' या शब्दप्रयोगांतील 'देणें' या क्रियेंत आपलाहि थोडा हात लागला असें होईल.